हाय फॅशनमधला पुरुष कायम १७ वर्षांचाच का असतो?

कापडवेडी

पॅरिस आणि मिलानचे मेन्सवेअरचे शो मी दर सीझनला बघते, कामच ते आहे, पॅटर्न कटिंग करते मी. यावेळी मात्र कपडे बाजूला ठेवून नुसती अंगं बघत बसले आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा काढतेय. तो कोट विकत घेणारा माणूस असतो चाळिशी-पन्नाशीतला, हातात भरपूर पैसा आलेला, आणि तो घालून रॅम्पवर चालतो एक पोरगा ज्याला अजून धड मिशी फुटलेली नाही. बायकांच्या झिरो साइजवर इतकं बोललं गेलं, पण पुरुषांच्या बाबतीत तेच इतकं सरसकट चालू असताना कुणी फारसं तोंड उघडत नाही.

आधी मापाचं सांगते कारण तिथेच सगळी मेख आहे. युरोपात कोटाचा नंबर म्हणजे छातीच्या मापाच्या निम्मं, सेंटिमीटरमध्ये. ५० नंबर म्हणजे १०० सेंमी छाती, ४४ म्हणजे ८८. आता मॉडेलिंग एजन्सीला मुलगा हवा असतो साधारण ६ फूट ते ६ फूट ३ इंच उंचीचा आणि त्याच्या अंगात ४४ किंवा ४६ नंबरचं सॅम्पल, म्हणजे शोसाठी शिवलेला नमुन्याचा कपडा, बसायला हवं. या उंचीच्या पूर्ण वाढ झालेल्या माणसाची छाती ८८ सेंमी असणं फार दुर्मीळ. पण १६-१७ वर्षांच्या मुलाची असू शकते, कारण मुलगे आधी उंच होतात आणि मग हळूहळू रुंद होतात. कॉलरबोनचं छातीकडचं टोक तर शरीरात सगळ्यात शेवटी पक्कं होतं, विशीचा मध्य येतो तोवर. म्हणजे उंची पुरुषाची आणि खांदा मुलाचा अशी दोन-तीन वर्षं असतात फक्त, आणि ही अख्खी इंडस्ट्री त्या दोन-तीन वर्षांवर उभी आहे.

हे कायमचं असं नव्हतं. १९८२ मध्ये कॅल्विन क्लाइनने अंडरवेअरची जी जाहिरात टाइम्स स्क्वेअरला लावली त्यात टॉम हिंटनाउस होता, ऑलिंपिकला गेलेला पोल व्हॉल्टर, ब्रूस वेबरने काढलेला फोटो, दगडातून कोरल्यासारखं अंग. १९९२ ला तिथेच मार्क वॉलबर्ग. अरमानीचे ८० च्या दशकातले कोटसुद्धा रुंद खांद्याच्या मोठ्या माणसासाठीच होते. मग १९९५ ला अँटवर्पमध्ये राफ सिमन्सने स्वतःचं लेबल काढलं, फॅशन शिकलेला नव्हता, इंडस्ट्रियल डिझाइनचा माणूस, त्याने प्रोफेशनल मॉडेल घेण्याऐवजी रस्त्यावरची किडकिडीत पोरं उचलली. आणि २००१ च्या जानेवारीत एदी स्लिमानने डिओर ऑमचा, म्हणजे डिओरच्या पुरुषांच्या लेबलचा, पहिला शो केला आणि मग सगळंच बदललं. अरुंद खांदा, वर चढलेला मुंढा (बाही जोडतात ती जागा), बारीक टाय, सिगरेटसारखी पँट. ते कपडे घालता यावेत म्हणून कार्ल लागरफेल्डने वर्षभरात सुमारे ४२ किलो वजन उतरवलं आणि हे कारण स्वतःच जाहीरपणे सांगितलं, त्यावर डाएटचं पुस्तकही काढलं. साठीच्या उंबरठ्यापलीकडचा, जगातला सगळ्यात प्रसिद्ध डिझायनर, आणि कापड त्याच्या मापाने बेतायचं सोडून तो स्वतः कापडाच्या मापाचा झाला.

माझं म्हणणं असं की यात बारीकपणा हे खरं मागणं नाहीये. मागणं आहे अर्धवट वाढलेलं असणं. बारीक चाळिशीचा माणूस त्यांना चालत नाही. तुम्हाला काय वाटतं?

रोहन_क

ताई, मापांची माहिती एकदम भारी, पण मी या विषयाकडे पार उलट्या बाजूने बघतो आणि जरा मनापासून लिहितोय.

शाळेत, कॉलेजात मी प्रचंड बारीक होतो, आजही आहे. तेव्हा पुरुष म्हणजे काय तर छाती, दंड, व्ही शेप. टीव्हीवर तेच, मासिकांत तेच, जिमच्या बाहेर लावलेल्या पोस्टरवर तेच. दुकानात गेलं की सगळ्यात लहान शर्टही अंगावर लोंबायचा आणि घरातले-बाहेरचे सगळे एकच वाक्य म्हणायचे, खात नाहीस का रे काही. अशात डिओर ऑमचे फोटो पहिल्यांदा बघितले आणि आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं की माझ्यासारख्या अंगाचा माणूस देखणा दिसू शकतो, आणि कमी पुरुष असूनही असं नाही, तर पूर्ण पुरुष म्हणूनच देखणा.

स्लिमान स्वतः हे बोललाय. २०१५ च्या एका मुलाखतीत त्याने सांगितलं होतं की लहानपणी जॅकेट त्याला नेहमी मोठी व्हायची, शाळेतले आणि घरातलेही काही लोक बारीक असण्यावरून त्याला अर्धाच पुरुष असल्यासारखं वागवायचे, आणि मग बोवीसारख्या गायकांकडे बघून त्याला धीर यायचा. म्हणजे हा माणूस कुणालातरी उपाशी ठेवायला निघाला नव्हता, स्वतःसारख्यांना जागा करून देत होता. २००० च्या आसपासचे ते सगळे बँड, द स्ट्रोक्स, द लिबर्टीन्स, ती पोरं खरीच तशी होती, त्यांना कुणी कास्ट केलं नव्हतं. लिबर्टीन्सच्या पीट डोहर्टीच्या मागे फिरून स्लिमानने फोटोंचं पुस्तक केलं ते त्यातूनच.

मला विचाराल तर पिळदार अंगाची सक्ती जास्त जाचक होती आणि अजूनही आहे. ते अंग रोज तीन तास घाम गाळून आणि कित्येकदा इंजेक्शनं घेऊन कमवावं लागतं, बारीक असणारे निदान जन्मापासून तसे असतात.

चित्रदर्शी

दोघांचंही वाचून फ्लॉरेन्स आठवलं. तिथे बायबलमधल्या डेव्हिडचे दोन पुतळे आहेत, दोन्ही जगप्रसिद्ध. मायकेलॅंजेलोचा १५०१ ते १५०४ मधला, भला थोरला संगमरवरी, पोटावरचे स्नायू मोजता येतील असा. आणि बार्जेल्लो म्युझियममधला दोनातेल्लोचा ब्राँझचा, त्याच्या कितीतरी आधीचा, पंधराव्या शतकाच्या मध्याकडचा. तो अगदी पोरसवदा आहे, खांदे अरुंद, पोट मऊ, कमरेवर हात ठेवून उभा, हॅट आणि बूट सोडले तर अंगावर काही नाही. कथा एकच, नायक एकच, आणि पुरुषाच्या सौंदर्याबद्दलची मतं दोन टोकांची. आणि हेच गाव पित्ती उओमो भरवतं, पुरुषांच्या कपड्यांचं मोठं ट्रेड फेअर, १९७२ पासून. त्यामुळे कोवळ्या मुलाचं अंग सुंदर मानणं हे काही स्लिमानने शोधून काढलेलं नाही.

फॅशनमध्येही आधी झालंय. पिएर कार्दांने १९६० मध्ये पुरुषांचं पहिलं कलेक्शन दाखवलं, बिनकॉलरची, नळीसारखी सरळ जॅकेट्स, तेव्हा त्याने मॉडेल म्हणून विद्यार्थीच घेतले होते. साठच्या दशकातले लंडनचे मॉड्स, मग ग्लॅम रॉक, सत्तरीतला बोवी. जेव्हा जेव्हा तरुणांना आपल्या बापासारखं दिसायचं नसतं तेव्हा तेव्हा कोट आखूड आणि अरुंद होतो, खांद्यातलं पॅडिंग निघून जातं. मला तर वाटतं १९९५-२००१ मधलं ते वळण हे ऐंशीच्या दशकातल्या बँकर, बॉस, पॉवर सूट या सगळ्याविरुद्धचं बंड होतं आणि बंड म्हणून ते फार सुंदर होतं. राफ सिमन्सचे सुरुवातीचे शो आज बघितले तरी त्या पोरांच्या चेहऱ्यावरचा अवघडलेपणा खरा वाटतो, शिकवलेला नाही. अडचण पुढे झाली. बंडाचाच नियम झाला आणि तो मोडायला वीस वर्षं कुणी आलंच नाही.

मुक्ता_स

एक शंका. पुरुष मॉडेलांना बायकांपेक्षा पैसे कमी मिळतात असं वाचलंय ते खरं आहे का? आणि असेल तर मग ही मुलं स्वतःला एवढी आवळून का घेतात?

आणि रोहन, तुमचा अनुभव पटला पण एक विचारते. तुम्ही आता वयाने मोठे झालात तरी बारीकच आहात, म्हणजे तुमचं अंगच तसं आहे. रॅम्पवरच्या सगळ्याच मुलांचं तसं असेल का? चाळीस लुक असतात एका शोमध्ये आणि चाळीसही जण एकाच साच्यातले, हे निसर्गात होत नाही, कुठेतरी चाळणी लागलेली असते, आणि ती चाळणी कोण धरतं हे मला जाणून घ्यायचंय.

कापडवेडी

मुक्ता, पैशांचं खरं आहे. २०१३ ची फोर्ब्सची यादी घ्या, पुरुषांमध्ये पहिला शॉन ओ'प्राय होता साधारण १५ लाख डॉलरवर आणि त्याच वर्षी जिझेल बुंडशन ४ कोटी २० लाखांवर. मॉडेलिंग हा असा धंदा आहे जिथे पुरुष बाईपेक्षा खूप कमी कमावतो, आणि मला वाटतं म्हणूनच त्यांच्या बाजूने कुणी संघटितपणे बोलत नाही, कारण मुळात तो कुणाला कायमचा पेशाच वाटत नाही.

चाळणीचं उत्तर माझ्या बाजूने असं की ती सॅम्पल धरतं. शोसाठी प्रत्येक कपडा एकाच मापात शिवतात, एकच नग. तोच नग मग मासिकांच्या शूटला फिरतो. त्यामुळे एकदा का सॅम्पल ४४ चं कापलं की पुढचे सहा महिने त्या कपड्यात शिरणारा प्रत्येक जण ४४ चाच हवा. आणि पुढच्या सीझनला फिटिंगला जो मुलगा उभा करतात तो त्याच मुलांमधला, म्हणून सॅम्पल पुन्हा ४४. हे चक्र कुणी ठरवून चालवत नाही आणि कुणी थांबवतही नाही.

याचा त्रास गिऱ्हाइकालाही होतो हे फार कमी लोकांना माहीत असतं. सॅम्पलवरून बाकीचे नंबर काढतात त्याला ग्रेडिंग म्हणतात. ठरावीक हिशेबाने छाती ४ सेंमी वाढवली की कंबरही ४ सेंमी वाढवायची. इटलीत छाती आणि कंबर यांच्या फरकाच्या निम्म्याला ड्रॉप म्हणतात. ८८ छाती आणि ७२ कंबर असलेल्या पोराचा ड्रॉप ८. नेहमीच्या ५० नंबरच्या माणसाचा ६ धरतात, १०० ला ८८. पुरुष जसा वयाने आणि अंगाने वाढतो तसा कंबरेत जास्त वाढतो, छातीत कमी. त्यामुळे ८ ड्रॉपच्या पोरावर बेतलेला कोट ५४ नंबरपर्यंत ओढत नेला की त्याचं बटण लागत नाही, मुंढा काखेत रुततो, आणि गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून म्हणतं माझंच पोट सुटलंय. कापणाऱ्याचा दोष तो स्वतःच्या अंगावर घेऊन घरी जातो. हे मी फिटिंग रूममध्ये इतकेदा पाहिलंय की मला याचा मनस्वी राग येतो.

समुपदेशक_अ

या धाग्यावर मुद्दाम लॉगिन करून लिहितेय. खाण्याच्या विकारांवर उपचार घेणाऱ्यांबरोबर माझं काम आहे, आणि त्यात मुलगे येतात. उशिरा येतात पण येतात.

ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडत जाणं, हा मुलींचा आजार ही समजूत खूप नुकसान करते. वैद्यकात या आजाराचं जे पहिलं नीट वर्णन मानतात ते १६८९ मधलं, रिचर्ड मॉर्टन या इंग्लिश डॉक्टरचं, त्यात दोन रुग्ण आहेत, एक मुलगी आणि एक १६ वर्षांचा मुलगा. म्हणजे पहिल्या दिवसापासून मुलगा तिथे आहे. तरीही अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानाच्या पुस्तकात २०१३ पर्यंत निदानाच्या निकषांमध्ये पाळी बंद होणं हा एक निकष होता. मुलगा तो निकष पूर्णच करू शकत नाही. पाचव्या आवृत्तीत तो काढला. इतकी वर्षं पुस्तकातच त्यांना जागा नव्हती तर घरच्यांच्या डोळ्यांना काय दिसणार.

रोहन यांच्या मुद्द्यावर मला सहमतही व्हायचंय आणि थोडं थांबवायचंही आहे. पिळदार अंगाच्या वेडाबद्दल बरोबर बोललात. हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याला मसल डिसमॉर्फिया हे नाव दिलं. त्यांनी जी.आय. जो या खेळण्यातल्या सैनिकाची मापंही घेतली होती, १९६४ पासून पुढच्या दशकांत त्या बाहुल्याचे दंड आणि छाती फुगतच गेले. पण बारीक अंग जन्मापासून असतं म्हणून ते बिनधोक, हे खरं नाही. ज्यांचं जन्मजात आहे त्यांचं ठीक. माझ्याकडे येणारी मुलं ती असतात ज्यांचं अंग भरायला लागलंय आणि त्यांना ते थांबवायचंय. १७-१८ व्या वर्षी शरीर खांदे रुंद करू बघतं आणि मुलगा त्याला खायलाच देत नाही. हाडांची घनता कमी होते, टेस्टोस्टेरॉन घसरतं, नाडी मंदावते, सतत थंडी वाजते. आणि बाहेरचे लोक म्हणतात, वा, किती शार्प दिसतोस.

कापडवेडी यांचा मुद्दा, की मागणं वयाचं आहे, मला म्हणूनच पटला. वजन कमी करता येतं. वाढ थांबवता येत नाही, आणि जो ती थांबवायला जातो तो आजारी पडतो.

रोहन_क

डॉक्टर म्हणू का तुम्हाला माहीत नाही, पण शेवटचं वाक्य वाचून बराच वेळ काही टाइप केलं नाही.

तरी एक म्हणायचंच आहे. उद्या उठून रॅम्पवरून बारीक मुलं काढली आणि पुन्हा डेव्हिड गॅंडी टाइप मंडळी आणली, २००७ च्या डॉल्चे अँड गबाना परफ्यूमच्या त्या जाहिरातीसारखी, पांढऱ्या चड्डीत होडीवर, तर कुणाचं भलं होणार? माझ्यासारख्यांना परत तेच ऐकावं लागेल. एक साचा काढून दुसरा ठेवला तर काहीच बदललं नाही.

पडद्यामागचा

मुक्ता यांनी विचारलं चाळणी कोण धरतं, तर मी काही काळ एका कास्टिंग डिरेक्टरच्या, म्हणजे शोसाठी मॉडेल निवडणाऱ्याच्या, हाताखाली पॅरिसमध्ये होतो, जे बघितलं ते सांगतो, नावं घेणार नाही.

मुलगा येतो, कुठल्यातरी छोट्या गावातून, बसस्टॉपवर किंवा इन्स्टाग्रामवर नवे चेहरे शोधणाऱ्या कुणा स्काउटला दिसलेला. त्याचे डिजिटल्स काढतात, साधा टीशर्ट, साधी जीन्स, समोरून, बाजूने, मेकअप नाही. मग चालून दाखवायचं. मग सॅम्पल घालायचं. पँटचं बटण लागलं तर फोटो भिंतीवर जातो, नाही लागलं तर पुढचा मुलगा, बाहेर जिन्यावर रांग असतेच. वजन कमी कर असं तोंडावर कुणी म्हणत नाही हो. म्हणतात हिप्स जरा बघ, किंवा काहीच म्हणत नाहीत आणि पुढच्या सीझनला फोन येत नाही. मुलगा आपला आपण अर्थ लावतो. मोठा त्रास मला याचा व्हायचा की सगळे चांगलं बोलायचे, गालावर हात ठेवून मिठी मारून निरोप द्यायचे, आणि त्या पोराला नकाराचं कारण कधीच कळायचं नाही.

पैशाचं गणित तर भयंकर. विमानाचं तिकीट एजन्सी काढते, राहायला मॉडेल्सचा फ्लॅट देते, एका खोलीत चार-सहा बंक, टेस्ट शूट, कॉम्प कार्ड (फोटो आणि मापं छापलेलं कार्ड), हे सगळं त्याच्या नावावर उधार लिहिलं जातं. शोचे पैसे पुरुषांना कमी, काही लहान लेबलं तर पैशांऐवजी कपडे देतात. त्यामुळे कित्येक मुलं दोन सीझन चालून घरी जातात तेव्हा त्यांच्या डोक्यावर कर्ज असतं. कर्ज असलेला, घरापासून लांब, भाषा न येणारा १८ वर्षांचा मुलगा जेवण कमी करण्याला नाही कसं म्हणणार. आणि खरा पैसा असतो कॅटलॉग आणि कमर्शियल कामात, तिथे लागतं भरलेलं अंग. म्हणजे जी शरीरयष्टी टिकवायला तो रॅम्पसाठी धडपडतो तीच त्याला कमाईच्या कामापासून दूर ठेवते.

न्यू यॉर्कमध्ये आता याला थोडा चाप बसलाय. फॅशन वर्कर्स ॲक्ट जून २०२५ पासून लागू झाला, एजन्सीचं कमिशन २० टक्क्यांच्या वर नाही, साइनिंग फी घ्यायची नाही, फ्लॅटचं भाडं बाजारभावापेक्षा जास्त लावायचं नाही. सारा झिफ आणि तिची मॉडेल अलायन्स ही मॉडेलांसाठीची संस्था कित्येक वर्षं यासाठी झगडत होती. झिफ स्वतः मॉडेल होती.

जुना_वाचक

पण बदल होतोय की हळूहळू. प्राडाने २०१२ च्या जानेवारीत गॅरी ओल्डमन, विलेम डॅफो, टिम रॉथ यांना चालवलं, २०२२ ला जेफ गोल्डब्लमला. बालेन्सियागाने २०१७ ला पॅरिसमधल्या बुआ द बुलोनमध्ये बाप आणि लहान मुलं एकत्र चालवली. द्रिस व्हान नोटेनच्या २०२४ च्या शेवटच्या शोमध्ये पूर्वी त्याच्यासाठी चाललेले, केस पांढरे झालेले मॉडेल परत आले होते आणि मला तो शो बघताना भरून आलं. योहजी यामामोटो तर कितीतरी आधीपासून म्हाताऱ्या, सुरकुतलेल्या माणसांना चालवतोय. आयएमजी या मॉडेलिंग एजन्सीने २०१६ मध्ये मोठ्या अंगाच्या पुरुषांसाठी ब्रॉन नावाचा विभाग काढला. शिवाय आता तर सगळं ओव्हरसाइज आहे, ती घट्ट पँट कुठे राहिलीय?

कापडवेडी

जुना_वाचक, द्रिसचा शेवटचा शो मलाही फार आवडला, त्या माणसांच्या अंगावर ते कोट राहत होते, टांगलेले नव्हते. पण प्राडाचं उदाहरण घ्या, ते नट पाहुणे होते. त्यांच्या पुढे-मागे चालणारे मॉडेल तेच होते, नेहमीचे. वयस्क माणूस शोचा विषय म्हणून येतो आणि पुढच्या सीझनला जातो. यामामोटोचं मात्र मानते मी, तिथे ते कायमचं आहे आणि त्याचं कारण पुन्हा कटिंगमध्येच सापडतं, त्याचे कपडे अंगापासून सुटे असतात, कापड खांद्यावरून पडतं, मग आत कुठलंही अंग चालतं.

ओव्हरसाइजबद्दल मात्र जोरात असहमत. कापड मोठं झालं, मुलगा तेवढाच राहिला. उलट त्या भल्या मोठ्या खांद्यातून बाहेर येणारी मान आणि मनगट जितकं बारीक तितका तो इफेक्ट चांगला दिसतो म्हणून आणखी बारीक मुलगा निवडतात. रुंद अंगाच्या माणसाने तोच कोट घातला की तो नुसता मोठा कोट दिसतो.

आणि एक राहिलं होतं. २०१० मध्ये रूटस्टाइन या लंडनच्या पुतळे बनवणाऱ्या कंपनीने दुकानात ठेवायचा पुरुषाचा नवा पुतळा काढला, छाती ३५ इंच, कंबर २७ इंच. तेव्हा ब्रिटनमधल्या खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या संस्थेने हरकत घेतली, थोडी चर्चा झाली आणि विरली. त्याउलट २०१५ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने सेंट लॉराँची एक जाहिरात मॉडेल अनारोग्यकारक बारीक दिसते म्हणून थांबवली, ती बाई होती. तेव्हा त्या ब्रँडचा डिझायनर स्लिमानच होता आणि त्याच्या पुरुषांच्या जाहिरातींतली मुलंही तितकीच बारीक होती. बाईच्या बरगड्या दिसल्या की काळजी वाटते आणि मुलाच्या दिसल्या की त्याला रॉक अँड रोल म्हणतात.

एक_पालक

इतके दिवस नुसती वाचनमात्र होते, आज राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझा मुलगा १७ चा आहे, उंच आणि अगदी बारीक. एका स्काउटने त्याला मेसेज केला, मग एजन्सीचा ईमेल आला, पॅरिसला जानेवारीच्या सीझनसाठी न्यायचं म्हणतात. मुलगा हवेत आहे. शाळेत त्याला अंगावरून खूप चिडवलं गेलंय आणि आता पहिल्यांदा कुणीतरी त्याला सुंदर म्हटलंय, त्यामुळे रोहन यांची पोस्ट वाचून मला रडू आलं. मला त्याच्या या आनंदावर पाणी टाकायचं नाही. पण वरचं सगळं वाचून पोटात गोळा आलाय. नाही म्हणू का? आणि हो म्हटलं तर काय काय बघू?

पडद्यामागचा

नाही म्हणाच असं मी म्हणणार नाही, चांगले अनुभव घेऊन परत आलेली मुलंही पाहिलीत. पण १८ होईपर्यंत थांबा असं नक्की म्हणेन, चांगली एजन्सी थांबते. नाहीच थांबायचं ठरलं तर तुमच्या हातात नियम आहेत ते वापरा. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये एलव्हीएमएच आणि केरिंग या फॅशनच्या दोन मोठ्या ग्रुपनी मिळून एक चार्टर केला. त्यात पुरुषांसाठी ४४ च्या खालचं माप मागायचं नाही, मोठ्यांचे कपडे दाखवायला १६ च्या आतला मुलगा घ्यायचा नाही, १६ ते १८ असेल तर सोबत पालक किंवा जबाबदार माणूस हवा, रात्री १० ते सकाळी ६ काम नाही. केरिंगने तर पुढे १८ च्या आतले मॉडेल घ्यायचेच नाहीत असं ठरवलं. त्यामुळे पहिला प्रश्न एजन्सीला हा विचारा की १७ च्या मुलाला कुठल्या ब्रँडकडे पाठवणार, आणि सोबत मी येणार, माझ्या तिकिटाचं काय.

फ्रान्सच्या कायद्यानुसार मॉडेलला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, मुलगा असो की मुलगी, आणि त्यात बीएमआयकडेही, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्या आकड्याकडेही, बघितलं जातं. २०१७ पासून लागू आहे. सर्टिफिकेटशिवाय काम दिलं तर सहा महिने तुरुंग आणि ७५ हजार युरोपर्यंत दंड आहे. इस्रायलने तर त्याच्या आधीच १८.५ बीएमआयची अट घातली, तीही दोघांना. ते सर्टिफिकेट कुणाकडून लागेल ते एजन्सीला आधीच विचारा, आणि निघण्याआधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडून नीट तपासणी करून घ्या, सगळं तिथे गेल्यावर घाईत नको.

करारात बघायचं ते म्हणजे उधारीचं कलम. कुठला खर्च आगाऊ, कुठला परत फेडायचा, काम नाही मिळालं तर त्या रकमेचं काय. हे लेखी येत नसेल तर सही करू नका.

समुपदेशक_अ

यात माझी एक भर. निघण्याआधी त्याचं वजन, उंची आणि खाण्याच्या सवयी डॉक्टरकडे नोंदवून ठेवा आणि परत आल्यावर पुन्हा तपासा. वजन तेवढंच राहिलं म्हणून निर्धास्त होऊ नका, या वयात वजन वाढायला हवं असतं, ते स्थिर राहणं हीसुद्धा खूण आहे. एकट्याने जेवायला लागला, सैल कपड्यात सतत थंडी वाजते म्हणाला, आवडीचे पदार्थ एकेक करून सोडायला लागला तर वाट बघू नका.

आणि त्याला आत्ताच, जाण्याआधी सांगा की दोन-तीन वर्षांत खांदे भरतील, कोट बसणार नाही, फोन येणं थांबेल, आणि तेव्हा त्याच्या अंगात काहीही बिघडलेलं नसेल. हे नंतर सांगून उपयोग होत नाही, तेव्हा ते सांत्वन वाटतं.

रोहन_क

पालक, तुमच्या मुलाला माझ्याकडून सांगा की तो छान दिसतो, एजन्सीने म्हटलं नसतं तरी दिसलाच असता. आणि मला शक्य असतं तर मी १७ व्या वर्षी नक्की गेलो असतो, म्हणून त्याला अडवा असं मला म्हणवत नाही, फक्त तुम्ही सोबत जा.

एक_पालक

सगळ्यांचे मनापासून आभार. आज त्याला शेजारी बसवून अख्खा धागा वाचायला दिला. ड्रॉपचं गणित त्याला फार आवडलं, लगेच टेप घेऊन स्वतःचं माप काढलं, ८९ आणि ७१. एजन्सीला खर्चाचं कलम आणि सोबत येण्याबद्दल ईमेल टाकलाय. डॉक्टरची वेळ गुरुवारची मिळालीय. उत्तर काय येतं ते इथे लिहीन.